जर्मॅनिक भाषांमधले जुने लॅटिन शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच 'फेन्स्टर' (खिडकी), 'माउअर' (भिंत), 'केलर' (तळघर), 'श्ट्रासे' (रस्ता) हे शब्द भेटतात आणि ते अस्सल जर्मन वाटतात. हे सगळे लॅटिनमधून आलेले आहेत आणि घेतले गेले तेव्हा जर्मन नावाची वेगळी भाषाही नव्हती. साधारण इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. आठव्या शतकापर्यंतची ही उसनवारी. तिच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

जर्मॅनिक म्हणजे जर्मनच ना?

नाही. जर्मन ही त्या कुळातली एक भाषा. इंग्रजी, डच, फ्रिजियन, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या तिच्या बहिणी आणि गॉथिक ही नामशेष झालेली बहीण. या सगळ्यांची आई म्हणजे आदिजर्मॅनिक. ती दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जात होती. तिचे ग्रंथ नाहीत. अभ्यासकांनी लेकींची तुलना करून तिची रूपं उभी केली आहेत. व्युत्पत्तिकोशात एखाद्या रूपाआधी तारा दिसला, तर ते असं उभं केलेलं रूप समजावं.

लॅटिन आणि जर्मॅनिक एकाच कुळातल्या. मग सारखा दिसणारा शब्द उसना की वारशाचा, हे कसं कळतं?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा, कारण इथे गफलत झाली की पुढचं सगळं चुकतं.

लॅटिन 'पातेर', इंग्रजी 'फादर', आपला 'पितृ'. लॅटिन 'पिस्किस' म्हणजे मासा, इंग्रजी 'फिश'. लॅटिन 'देकेम', इंग्रजी 'टेन', आपलं 'दश'. या जोड्यांत कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, तिघांनाही तो वारसा एकाच घरातून मिळाला आहे. पण जर्मॅनिकच्या वाटणीत 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट' झाला. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा बदल नियम म्हणून मांडला, म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला तो हाच.

आता लॅटिन 'पिपेर' (मिरी) आणि इंग्रजी 'पेपर' बघा. 'प' जागच्या जागी आहे. वारशाचा शब्द असता तर 'फ' झाला असता. म्हणजे तो बदल पुरा झाल्यावर हा शब्द आत आला. लॅटिनमधून घेतलेल्या एकाही शब्दात ग्रिमचा नियम खात्रीने लागलेला दिसत नाही. उलट जर्मन 'राइश' (राज्य) हा शब्द केल्टिक (युरोपातलं आणखी एक जुनं भाषाकुळ) 'रीग'वरून आला आणि त्यातल्या 'ग'चा याच नियमाने 'क' झालेला आहे, जर्मनमध्ये तो पुढे 'श' झाला. म्हणजे आधीचे शेजारी केल्ट, रोमन नंतरचे.

एक सापळा. जर्मन 'हाबेन' आणि लॅटिन 'हाबेरे', दोन्हींचा अर्थ 'जवळ असणं'. दिसायला सख्खे, पण नातं काहीच नाही. 'हाबेन'चं लॅटिनमधलं खरं भावंड 'कापेरे' (पकडणं) आहे. सारखेपणा जितका गुळगुळीत, तितका संशय घ्यावा.

हे शब्द कधी आणि कुठे घेतले गेले?

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाइनवर पूल बांधून पलीकडे पाऊल टाकलं. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात जर्मॅनिक सरदार आर्मिनियसने रोमन सेनापती व्हारुसच्या तीन लीजन (रोमन फौजेच्या मोठ्या तुकड्या) कापून काढल्या आणि काही वर्षांतच ऱ्हाइन व डॅन्यूब याच सीमा ठरल्या. मग या नद्यांच्या काठाने छावण्या आणि छावण्यांभोवती गावं वसली : क्सांटेन, कोलोन, माइन्झ, आणि थोडं आत मोझेल नदीवर ट्रिअर. कोलोनला इ.स. ५० मध्ये वसाहतीचा दर्जा मिळाला. शाळेच्या नकाशात ही सीमा जाड रेघेने काढलेली असते. प्रत्यक्षात ती चारशे वर्षं चाललेली बाजारपेठ होती. तिथल्या फौजेत जर्मॅनिक तरुण हजारोंनी भरती व्हायचे आणि वर्षानुवर्षं लॅटिन हुकूम ऐकायचे.

याचा एक फार बोलका पुरावा रोमन इतिहासकार टॅसिटसने दिला आहे. इ.स. १६ मध्ये वेझर नदीच्या दोन काठांवर दोन भाऊ उभे होते. अलीकडे रोमन सैन्यातला फ्लाव्हुस, पलीकडे रोमचा शत्रू आर्मिनियस. सुरुवात समजावणीने झाली आणि शेवट शिवीगाळीवर. टॅसिटस सांगतो की आर्मिनियस बोलता बोलता मधूनमधून लॅटिन वापरत होता, कारण त्याने स्वतः रोमन छावणीत आपल्या लोकांच्या तुकडीचं नेतृत्व केलं होतं. रोमशी उभा दावा मांडलेला माणूस भांडताना लॅटिन बोलतो. शब्द असेच आत येतात.

म्हणूनच मी या उसनवारीला ग्रंथांची उसनवारी म्हणणार नाही. हे शब्द कानाने घेतलेले आहेत, तेही सैनिक, गाडीवान, गुत्तेवाले आणि करवसुली करणाऱ्यांच्या तोंडून. सिसेरोच्या भाषणांशी त्यांचा काही संबंध नाही.

सगळ्यात जुने शब्द कोणते?

बाजाराचे. त्यातही एक शब्द जरा निवांत बघण्यासारखा आहे.

लॅटिनमध्ये 'काउपो' म्हणजे गुत्ता किंवा खानावळ चालवणारा, जोडीला किरकोळ विक्री करणारा माणूस. रोममध्ये या धंद्याला प्रतिष्ठा नव्हती. काउपो म्हटला की दारूत पाणी मिसळणारा, असाच समज. पण सीमेवरच्या जर्मॅनिक शेतकऱ्याच्या दृष्टीने नाणं घेऊन वस्तू देणारा माणूस तोच. त्याच्या नावावरून 'विकत घेणं' असं क्रियापद तयार झालं : गॉथिक 'काउपोन', जर्मन 'काउफेन', डच 'कोपेन'. जुन्या इंग्रजीत 'चेआप' म्हणजे सौदा किंवा बाजार. चांगला सौदा या अर्थी 'गुड चीप' म्हणायचे, त्यातलं 'गुड' गळून नुसतं 'चीप' उरलं. लंडनमधला 'चीपसाइड' रस्ता म्हणजे जुना बाजाररस्ता. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन म्हणजे 'व्यापाऱ्यांचं बंदर', त्यातही तोच काउपो. जर्मॅनिकमधून हा शब्द पुढे फिनिशमध्ये 'काउप्पा' (व्यापार, दुकान) म्हणून गेला आणि स्लाव्हिक भाषांमध्ये 'कुपिती' (विकत घेणं) झाला. एका बदनाम गुत्तेवाल्याने अर्धा युरोप व्यापला.

दुसरा असाच गडी 'मांगो' : गुलामांचा किंवा मालाला रंगरंगोटी करून विकणारा व्यापारी. इंग्रजी 'फिशमाँगर', 'आयर्नमाँगर' यांच्या शेपटीला तो अजून चिकटलेला आहे.

मग वजनाचा 'पोन्दो' (पाउंड), टांकसाळीची 'मोनेता' (इंग्रजी मिंट, जर्मन म्युन्त्से), अंतराचं 'मीलिया' (मैल), पेटीची 'किस्ता' (जर्मन किस्टे, इंग्रजी चेस्ट), पोतं म्हणजे 'साक्कुस', आणि ते पोतं वाहणारं गाढव : लॅटिन 'आसिनुस' किंवा 'आसेल्लुस', गॉथिक 'आसिलुस', जर्मन 'एझल'.

गंमत म्हणजे रोमनांचं सगळ्यात प्रसिद्ध नाणं 'देनारियुस' सीमेवर चालत असूनही त्याचं नाव इथे रुजलं नाही. गॉथिक बायबलात त्यासाठी 'स्काट्स' हा आपलाच शब्द आहे. तेच नाव आपल्याकडे मात्र 'दीनार' म्हणून संस्कृतात आलं आणि गुप्तकाळच्या लेखांमध्ये सर्रास दिसतं. टॅसिटसच्या मते जर्मॅनिक लोक ओळखीची, जुनी, कडेला दाते पाडलेली चांदीची नाणी पसंत करायचे. नव्या नाण्यांवर भरवसा नव्हता, आणि रोमन टांकसाळीचा इतिहास पाहता तो नसणंच शहाणपणाचं होतं.

'चीज' हा शब्द लॅटिन आहे. म्हणजे जर्मॅनिक लोकांना चीज माहीत नव्हतं?

माहीत होतं. 'शब्द उसना, म्हणून वस्तूही उसनी' हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो, आणि हे उदाहरण तो मोडून काढतं.

लॅटिन 'कासेउस'वरून जर्मन 'केझे', डच 'कास', इंग्रजी 'चीज' आले, यात वाद नाही. पण सीझर स्वतः लिहून ठेवतो की जर्मॅनिक लोकांचं जेवण मुख्यतः दूध, चीज आणि मांस. म्हणजे रोमन यायच्या आधीपासून ते खात होते. शिवाय उत्तरेकडे जुना जर्मॅनिक शब्द टिकलेला आहे : नॉर्स (जुनी स्कँडिनेव्हियन भाषा) 'ओस्त्र', आजचं स्वीडिश 'ऊस्ट', फिनिशने त्यांच्याकडून घेतलेलं 'यूस्तो'.

मग दक्षिणेकडे नवा शब्द का घेतला? टॅसिटस जर्मॅनिक जेवणात 'गोठलेलं दूध' सांगतो, म्हणजे मऊ, ताजं, न टिकणारं काहीतरी. रोमन फौजेला लागायचं ते घट्ट, मुरवलेलं, शिध्यात महिनोन् महिने राहणारं चीज. घरातला पदार्थ होताच. बाजारात विकायच्या नव्या प्रकाराला ग्राहकाच्या भाषेतलं नाव मिळालं आणि पुढे त्याने जुन्या नावालाही गिळलं, असं मला सर्वांत पटतं. गिरणीचंही तसंच. हाताच्या जात्याला जर्मॅनिक शब्द होता, इंग्रजीत तो 'क्वर्न' म्हणून आजही आहे. पाण्यावर चालणारी 'मोलीना' रोमनांबरोबर आली, ती झाली 'मिल' आणि 'म्युले'.

आणि वाइन?

वाइनच्या बाबतीत मात्र वस्तू आणि शब्द हातात हात घालून आले. सीझरच्या वेळी सुएबी नावाचे जर्मॅनिक लोक आपल्या मुलखात वाइन येऊच देत नसत, माणूस तिने लेचापेचा होतो म्हणून. दीडशे वर्षांनी, इ.स. ९८ मध्ये, टॅसिटस लिहितो की नदीकाठचे लोक वाइन विकतही घेतात. बंदी फार टिकली नाही, दारूबंदी सहसा टिकत नाहीच.

मोझेलच्या खोऱ्यात मग द्राक्षमळेच उभे राहिले आणि धंद्याची सगळी शब्दसामग्री लॅटिनमधून आली. द्राक्षमळेवाला 'व्हिन्त्सर' ('वीनितोर'वरून). नुकताच गाळलेला रस 'मोस्ट' ('मुस्तुम'). नरसाळं 'ट्रिश्टर' ('त्रायेक्तोरियुम'). ठेवायचं तळघर 'केलर' ('केल्लारियुम'). द्राक्षं दाबायचा घाणा 'केल्टर', हा 'काल्कातूरा'वरून. त्याचा मूळ अर्थ पायांनी तुडवणं, आणि यंत्र आलं तरी नावात पाय राहिलेच. ट्रिअरच्या संग्रहालयात नॉयमागेनला सापडलेलं इ.स. २२०च्या सुमाराचं दगडी शिल्प आहे : वल्ही मारत निघालेलं, वाइनच्या पिंपांनी लादलेलं जहाज. हे शब्द तसल्याच जहाजांवर बोलले गेले असणार.

घरगुती पेयाचं नाव मात्र बदललं नाही. 'एल', नॉर्स 'ओल' हा जर्मॅनिकचाच.

घराबद्दलचे इतके शब्द का?

कारण घर बांधायची पद्धतच वेगळी होती. जर्मॅनिक घर लाकडाचं, भिंत म्हणजे फांद्यांचा कूड विणून वर माती लिंपलेली. जर्मन 'व्हांट' (भिंत) हा शब्द 'विणणं, वळणं' या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. आपल्या कोकणातला कुडाचा भाग आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. रोमन आले ते दगड, वीट, चुना घेऊन. त्या भिंतीला निराळा शब्द लागला : 'मूरुस', जर्मन 'माउअर'. लॅटिनमध्ये तो पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी झाला, बहुधा 'व्हांट' स्त्रीलिंगी म्हणून. वीट किंवा कौल 'तेगुला' (त्सीगल, इंग्रजी टाइल), चुना 'काल्क्स' (काल्क, इंग्रजीत अर्थ सरकून चॉक), खांब 'पोस्तिस' (प्फोस्टन), दार 'पोर्ता' (प्फोर्टे), धान्याचं कोठार 'स्पीकारियुम' (श्पायशर), स्वयंपाकघर 'कोक्वीना' (क्युशे, किचन).

खिडकीचं प्रकरण वेगळं. जर्मनने 'फेनेस्त्रा' घेऊन 'फेन्स्टर' केलं. गॉथिकने घेतलं नाही, तिथे 'डोळादार' अशा अर्थाचा 'आउगादाउरो' आहे. जुन्या इंग्रजीत 'डोळाभोक', आणि नंतर व्हायकिंगांकडून आलेला 'विंदाउगा' म्हणजे वाऱ्याचा डोळा, तोच आजचा 'विंडो'. काच नसलेल्या भोकातून काय येतं, हे त्या नावात अगदी स्पष्ट आहे.

'सीझर'चं 'कायझर' कसं झालं?

उलट विचारायला हवं. 'कायझर' मूळच्या जवळ आहे, बिघडला तो 'सीझर'.

अभिजात लॅटिनमध्ये उच्चार 'काइसार' असा होता : 'क' कुठल्याही स्वराआधी 'क'च. जर्मॅनिकांनी तसाच ऐकला आणि तसाच ठेवला. गॉथिक 'काइसार', फिनिश 'केइसारी'. आपल्याकडचा 'कैसर-ए-हिंद' हाही ग्रीक, अरबी, फारसी अशा वाटेने आलेला तोच शब्द, म्हणूनच त्यातही 'क' आहे. पुढे लॅटिनमध्येच 'इ' आणि 'ए'आधीचा 'क' घसरून 'च', 'त्स' असा झाला. त्यामुळे उसन्या शब्दांच्या दोन पिढ्या दिसतात. 'केल्लारियुम'चं 'केलर', 'केरेसिया'चं 'किर्शे' (चेरी), 'किस्ता'चं 'किस्टे', हे जुने. 'केल्ला'चं 'त्सेले' (मठातली खोली), 'केन्सुस'चं 'त्सिन्स' (व्याज), 'क्रुकेम'चं 'क्रॉइत्स' (क्रूस), हे नंतरचे. लॅटिन ग्रंथांत दोन्हीकडे एकच अक्षर 'सी'. उच्चार कधी बदलला याची साक्ष ग्रंथांपेक्षा हे शब्द जास्त चांगली देतात.

'व'चंही तसंच. मराठी लिपीत 'व' आणि 'व्ह' हा भेद आपण करतो, तो इथे उपयोगी पडतो. जुन्या लॅटिनमध्ये 'व' होता : 'वीनुम', 'वाल्लुम' (तटबंदी, इंग्रजी वॉल). नंतर तो 'व्ह' झाला. त्या काळात घेतलेल्या शब्दांत जर्मनने त्याचा 'फ' केला : 'व्हीओला'चं 'फाइलशेन' (व्हायोलेटचं फूल), 'व्होकातुस'चं 'फोक्ट' (कारभारी).

एकच शब्द दोनदा घेतला गेला, असं होतं का?

होतं, आणि कालमापनाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये साधारण सहाव्या ते आठव्या शतकात आणखी एक व्यंजनबदल झाला : 'प'चा 'प्फ' किंवा 'फ', 'ट'चा 'त्स' किंवा 'स'. त्याआधी आलेल्या लॅटिन शब्दांनाही तो लागला. म्हणून इंग्रजी 'पाउंड' आणि डच 'पोन्ट'समोर जर्मन 'प्फुंट', 'पेपर'समोर 'प्फेफर', 'स्ट्रीट'समोर 'श्ट्रासे'.

'पालातियुम' (राजवाडा) आधी आला, त्याला हा बदल लागला, झाला 'प्फाल्त्स'. जर्मनीतल्या एका प्रदेशाचं नावही तेच आहे. काही शतकांनी तोच शब्द फ्रेंचच्या वाटेने पुन्हा आला, तो न बदलता 'पालास्ट' राहिला. आपल्या तद्भव-तत्समासारखीच ही जोडी : एक झिजलेला, घरचा झालेला, दुसरा कोरा. फरक इतकाच की आपले तद्भव वारशाचे आणि हे दोन्ही उसने.

धर्मोपदेशकाचा 'प्रीस्टर' आणि प्रवचनाचा 'प्रेडिगेन' यांत 'प' तसाच आहे. मिशनरी मंडळी उशिरा पोचली, हे त्या एका 'प'वरून कळतं.

इंग्रजीतले जुने लॅटिन शब्द इंग्लंडमध्ये घेतले की आधी?

दोन्हीकडे. 'स्ट्रीट', 'वाइन', 'चीज', 'पाउंड', 'किचन' यांची भावंडं जर्मन-डचमध्येही आहेत, म्हणजे पाचव्या शतकात अँगल आणि सॅक्सन या जर्मॅनिक टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनला गेल्या तेव्हा हे शब्द गाठोड्यात होतेच. 'कास्त्रा' (छावणी) या शब्दाला मात्र ब्रिटनमध्ये खरं आयुष्य मिळालं. पडक्या रोमन तटबंद्या जिथे दिसल्या तिथे 'चेस्टर' लागला : मँचेस्टर, विंचेस्टर, डाँकास्टर, लँकास्टर, ग्लॉस्टर. तिसरा थर इ.स. ५९७ मध्ये मिशनरी ऑगस्टिन केंटमध्ये उतरल्यानंतरचा, मठ आणि पाठशाळांचा.

गॉथिकला इतकं महत्त्व का?

कारण चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचं गॉथिक भाषांतर केलं. जर्मॅनिक कुळातलं एवढं मोठं लेखन इतक्या आधीचं दुसरं नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने केलेली त्याची प्रत आज स्वीडनमध्ये उप्सालाच्या विद्यापीठात आहे. त्यात दिव्याला 'लुकार्न' ('लुकेर्ना'), तुरुंगाला 'कार्कारा', सैनिकी करण्याला 'मिलितोन', केस कापण्याला 'कापिल्लोन' असे शब्द भेटतात. हजामतीचा शब्दही छावणीतलाच! माझा आवडता 'आनाकुम्ब्यान' : रोमन पद्धतीने आडवं होऊन जेवायला बसणं. लॅटिन 'अक्कुम्बेरे'चं धड ठेवलं आणि पुढे आपला उपसर्ग जोडला.

'राइट' आणि 'श्राइबेन', दोन्ही 'लिहिणं'. मग लॅटिन कोणता?

'श्राइबेन', लॅटिन 'स्क्रीबेरे'वरून. इंग्रजी 'राइट'चा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. लाकडावर रुनलिपी (जर्मॅनिकांची जुनी लिपी) कोरायची, त्या काळचा तो शब्द. जर्मनमध्ये त्याचं भावंड 'राइसेन' आहे, पण ते आता 'फाडणं' या अर्थी. शाई आणि चर्मपत्राने लिहिणं आलं तेव्हा जर्मनने नवा शब्द घेतला, इंग्रजीने जुनाच चालवला. इंग्रजीतही 'स्क्रीबेरे' आला होता, पण त्याला चर्चमध्ये वेगळं काम मिळालं : पाद्र्याने प्रायश्चित्त नेमून देणं, म्हणजे 'श्राइव्ह'. 'श्रोव्ह ट्यूजडे' त्यातूनच. जर्मन क्रियापद इतकं घरचं झालं की त्याचा भूतकाळ अस्सल जर्मॅनिक पद्धतीने, आतला स्वर बदलून होतो : श्राइबेन, श्रीब, गेश्रीबेन.

वारांची नावंही लॅटिनच का?

शब्द नाहीत, कल्पना लॅटिन आहे. ग्रहांच्या सात वारांचा आठवडा रोमनांकडून आला, पण जर्मॅनिकांनी नावं भाषांतर करून घेतली. मार्सच्या जागी तीव, मर्क्युरीच्या जागी वोडेन, ज्युपिटरच्या जागी थोर, व्हीनसच्या जागी फ्रिग. देवाला देव बसवलेले बघा, म्हणजे हे काम ख्रिस्ती होण्याआधीचं आहे हे लक्षात येतं. शनीला जोडीदार सापडला नाही, म्हणून इंग्रजी 'सॅटर्डे' आणि डच 'झाटरडाख'मध्ये सॅटर्न तसाच राहिला. नॉर्स लोकांनी त्या दिवसाला 'आंघोळीचा वार' म्हणून टाकलं.

हाच आठवडा ग्रीक ज्योतिषाबरोबर भारतातही आला आणि आपणही तेच केलं : मार्सचा मंगळ, मर्क्युरीचा बुध, ज्युपिटरचा गुरू. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखात, इ.स. ४८४ मध्ये, गुरुवारचा उल्लेख आहे. आपला गुरुवार आणि त्यांचा 'थर्जडे' एकाच दिवशी येतो, तो यामुळे.

मराठीशी या शब्दांचा काही थेट संबंध आहे?

थोडासा, पण खरा. संस्कृत 'पिप्पली' (मराठीत आजची पिंपळी) ग्रीकमध्ये 'पेपेरी' झाली, लॅटिनमध्ये 'पिपेर', तिथून 'पेपर' आणि 'प्फेफर'. नाव पिंपळीचं, पण युरोपात ते चिकटलं काळ्या मिरीला, जी मलबारातून जायची. पिंपळी भडोच बंदरातून निर्यात व्हायची, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत नोंदलेलं आहे. ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलंडा या रोमन छावणीत जर्मॅनिक तुकड्या होत्या. तिथे सापडलेल्या लाकडी पाट्यांवरच्या हिशेबात मिरीची खरेदी आहे. आणि इ.स. ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागितली.

कोबीची गोष्ट उलट्या बाजूने. लॅटिन 'काउलिस'वरून जर्मन 'कोल' आणि इंग्रजी 'केल' आले, आणि त्याच शब्दाचा पोर्तुगीज वंशज 'कोउव्हे' गोव्याच्या वाटेने आपल्याकडे 'कोबी' झाला.

लॅटिनने जर्मॅनिककडून काही घेतलं का?

घेतलं, पण यादी छोटी. अंबर या पिवळसर जीवाश्म राळेसाठी 'ग्लाएसुम', टॅसिटसने नोंदलेला. साबणाचा 'सापो' : रोमन लेखक प्लिनी सांगतो की तो चरबी आणि राख यांपासून केलेला केस लाल करायचा लेप, आणि जर्मॅनिक लोकांत तो बायकांपेक्षा पुरुषच जास्त लावतात. तोच शब्द लॅटिनमधून पुढे सरकत पोर्तुगीज आणि अरबीत गेला, आणि आपला 'साबण' त्याच ओळीतला.

'गांता' म्हणजे पांढरा बदक-हंस. प्लिनीच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांची पिसं पौंडाला पाच देनारियुसला जायची, आणि पहारा सोडून अख्ख्या तुकड्या हंस पकडायला पाठवल्याबद्दल अधिकाऱ्यांवर तक्रारी व्हायच्या. आपला 'हंस' आणि हा 'गांता' एकाच मुळाचे. पिसं रोमला गेली, आणि त्यांनी भरलेल्या उशीचं लॅटिन नाव 'पुल्वीनुस' परत येऊन इंग्रजीत 'पिलो' झालं.

इंग्रजीतला अर्ध्याहून जास्त शब्दसंग्रह लॅटिन आहे म्हणतात. तो हाच?

नाही. तो बहुतेक सगळा १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आणि पुढे विद्वानांच्या हातून आला. 'उन्किया' (बारावा भाग) आधी आली तिचं 'इंच' झालं, फ्रेंचमार्गे आली तिचं 'आउन्स'. 'दिस्कुस' आधी आला त्याचं 'डिश', नंतर 'डेस्क', 'डेइस', 'डिस्क'. तोच 'दिस्कुस' जर्मनमध्ये 'टिश', म्हणजे टेबल.

सगळ्या व्युत्पत्ती पक्क्या आहेत का?

नाहीत. इंग्रजी 'चर्च' आणि त्याचं जर्मन भावंड (ऐकायला चेरीच्या 'किर्शे'सारखंच) लॅटिन म्हणून सांगितले जातात, पण ते ग्रीक 'कुरियाकोन'वरून (प्रभूचं घर) आहेत. लॅटिनचा शब्द 'एक्लेसिया' होता आणि तो इथे रुजला नाही. जर्मन 'बीर' लॅटिन 'बिबेरे' (पिणं) वरून आला की घरचा, यावर एकमत नाही. 'कॅट', 'कात्से' लॅटिन 'कात्तुस'शी जुळतात, पण लॅटिनमध्येच हा शब्द उशिरा उगवतो आणि तिथे तो कुठून आला, हा वाद अजून चालू आहे.